न आणलेली पयांगको

हाबेलकाका आमच्या गावात छपरं शाकारायचे. साबूच्या झाडाची पानं काठीवर दुमडायची, वेताच्या सालीने शिवायची आणि एकावर एक इतकी दाट रचायची की पाण्याचा थेंब आत येऊ नये. हे काम त्यांच्याइतकं नीट आमच्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. माणूस ठेंगणा, खांदे रुंद आणि डोकं तापट. म्हणजे आधी तापट. मी त्यांना जवळून ओळखायला लागले त्यानंतर त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. मधल्या सात वर्षांत काय झालं ते सांगायचं आहे. त्यातलं थोडं मी पाहिलं, थोडं आईकडून कळलं आणि बरंचसं त्यांनी स्वतःच सांगितलं, आमच्या गावच्या दवाखान्याच्या बाकावर बसून. मी तिथे परिचारिका आहे. गुडघ्याच्या गोळ्या न्यायला ते यायचे आणि गोळ्या खिशात टाकल्यावरही तासभर उठायचे नाहीत.

त्यांचं भांडण झालं ते माझ्या बाबांशी. बाबांचं नाव सद्राक. बाबांची आई आणि हाबेलकाकांचे वडील सख्खी भावंडं, त्यामुळे दोघं एकाच अंगणात वाढलेले. बाबा समुद्रावर जायचे, काका डोंगराच्या पायथ्याशी. दोघांच्या साबूच्या जमिनी एकमेकींना लागून होत्या आणि बरोबर हद्दीवर एक झाड होतं. ते काकांच्या आईने, नवरा गेला त्या वर्षी, लावलेलं होतं.

ते झाड तयार झालं तेव्हा काका गावात नव्हते. आई आजारी पडली म्हणून तिला होडीतून शहराच्या इस्पितळात घेऊन गेले होते. साबूच्या झाडाचं असं असतं, आयुष्यात एकदाच फुलोरा येतो, आणि तो आला की खोडातलं सगळं पीठ फुलाला जातं, आपल्या हाती भुसा उरतो. शेंड्याची पानं आखूड यायला लागली होती. बाबांनी झाड पाडलं. खोड फोडलं, गाभा कुटला, पाण्यात धुऊन पीठ काढलं आणि टोपल्या भरल्या. आम्ही त्यातलं खायलाही लागलो होतो.

आठव्या दिवशी हाबेलकाका परतले ते आईला पेटीत घेऊन. तिच्या दुःखाच्या जेवणाला तिनेच लावलेल्या झाडाचं पीठ वापरायचं, असं त्यांनी होडीत बसल्या बसल्या ठरवलं होतं. माती देऊन ते सरळ पाणथळीत गेले. तिथे बुंधा होता.

मी अकरा वर्षांची होते. आमचं घर खांबांवर आहे, मी खाली सावलीत बसून शिंपले फोडत होते. काका आले, जिना चढले, वर दोन-तीन वाक्यं झाली असतील नसतील. मग आई ओरडली. बाबा जिन्यावरून खाली आले ते डावा हात छातीशी धरून. त्या हाताची दोन बोटं गेली होती. काका मागे उभे होते, हातात कोयता, आणि स्वतःच कुणीतरी मारल्यासारखे दिसत होते.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाबांचे भाऊ एका बाजूला, काकांचे मेहुणे दुसऱ्या बाजूला, असे सगळे हत्यारं घेऊन बसले. गावाचे प्रमुख कोरनेलिस आजोबा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी दोघांना चर्चच्या अंगणात बोलावलं. बाबांच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. आजोबांनी कुणाचंही म्हणणं ऐकून घेतलं नाही. सुपारी चघळत बसले, लाल थुंकी टाकली आणि म्हणाले, "सद्राक, तू समुद्रावर जा. भालामासा आण. हाबेल, तू डोंगरात जा. पयांगको आण. दोन्ही आले की सगळे मिळून जेवू. तोवर तुम्ही एकमेकांशी बोलायचं नाही, एका भांड्यातलं खायचं नाही, आणि कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. तुमच्या माणसांनीसुद्धा."

ही जुनी रीत होती, पण ती कुणी पाळताना आमच्या पिढीने पाहिलं नव्हतं. याआधी ज्याला डोंगरात पाठवलं होतं त्याला म्हणे अकरा वर्षं लागली होती. भालामासा म्हणजे तोंडाला भाल्यासारखं टोक असलेला, माणसापेक्षा मोठा. उलांडीच्या, म्हणजे बाजूला तोलाचं लाकूड बांधलेल्या लहान होडीतून, एका दोरीवर तो काढायचा. आणि पयांगको तर बऱ्याच जणांना गोष्टीतलीच वाटायची. लांबून पाहिली तर साळिंदर वाटेल, पण साळिंदराशी तिचं काही नातं नाही. तपकिरी केसांतून काटे डोकावतात, तोंडाच्या जागी खाली वाकलेली लांब नळी आणि मागचे पंजे उलट्या दिशेने वळलेले. आजोबांनी दोन अशी जनावरं निवडली होती की ती शोधता शोधता रागच दमून जावा. हे मला आता कळतं. तेव्हा मी एवढंच समजले की काकांच्या मुलींबरोबर नदीवर जायचं नाही.

बाबांनी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मासा आणला. आठ बोटांनी. दोरी उजव्या मनगटाला गुंडाळून सूर्य डोक्यावर आल्यापासून मावळेपर्यंत ते त्या माशामागे ओढले गेले होते, आणि होडी किनाऱ्याला लागली तेव्हा त्यांना उभं राहवत नव्हतं. मासा काही टिकत नाही, म्हणून तो गावाने खाल्ला, हाबेलकाकांच्या घराने सोडून. त्याचं टोक सभाघराच्या आढ्याला टांगलं. तिथून पुढे बाबांना एक वाक्य मिळालं. कुणीही विषय काढला की म्हणायचे, "माझं झालंय. आता त्याला विचारा."

आणि लोक विचारायचे. काका डोंगरावरून उतरले की पोरं रस्त्यात थांबून टोपली उघडून बघायची. ओर्पाकाकू, त्यांची बायको, एकदा पाणवठ्यावर म्हणाली म्हणे, "नवरा डोंगराला दिलाय मी. सणासुदीला उसना आणते."

पहिली दोन वर्षं काकांनी रानडुकरासारखी शिकार केली. कुत्री घेतली, भाला घेतला. आमचा डोंगर उभा आहे, वर गेलं की सतत ढगात असतं, पायाखाली शेवाळ आणि अंगावर जळवा. कुत्री भुंकत पुढे धावायची, आणि कुत्र्यांचा आवाज ऐकून जे काही असेल ते जमिनीत जायचं. तिसऱ्या वर्षी कुत्री घरी ठेवली. चौथ्या वर्षी भालाही. ते मला म्हणाले, "हातात भाला असला ना डोर्कस, की नजर लांबवर जाते. पयांगको लांब नसते. पायाशी असते."

पायाशी म्हणजे भोकं. कुजलेल्या पानांखालच्या मऊ मातीत अंगठा जाईल एवढं भोक. पयांगको नळी मातीत खुपसून गांडुळं शोधते. तिला दात नाहीत. जिभेवर काटे असतात, त्यात गांडूळ अडकवून आत ओढते. भोकाच्या कडेची माती ओली आणि ताजी असेल तर ती काल इथे होती. कडा ढासळलेली असेल, आत कोळ्याने जाळं विणलं असेल तर महिना झाला. काका हे कुणाकडून शिकले नाहीत, ओणवं बसून बसून शिकले. पावलांनी मात्र त्यांना वर्षभर फसवलं. मागचे पंजे उलटे असल्यामुळे ती गेली त्याच्या विरुद्ध बाजूला ते चालत राहायचे.

पाचव्या वर्षी शहरातल्या विद्यापीठातली एक बाई आली. रिब्का तिचं नाव, आमच्याच लोकांतली, पलीकडच्या खाडीवरची. झाडांना कॅमेरे बांधायचे होते आणि वाट दाखवायला माणूस हवा होता. गावाने तिला हाबेलकाकांकडे पाठवलं, थोडं गमतीनेच. ती त्यांच्याबरोबर तीनदा वर गेली. तिचे बूट पहिल्याच फेरीत फाटले, तेव्हा काकांनी वेताच्या सालीने शिवून दिले.

भोकं कशी वाचायची ते काकांनी तिला शिकवलं, आणि तिने त्यांना जनावराबद्दल सांगितलं. ही अंडं घालते, एकच, आणि ते पोटाच्या कातडीच्या घडीत ठेवते. अंडं द्राक्षाएवढं, मऊ. त्यातून पिल्लू निघतं ते आंधळं आणि नखाएवढं. आणि मग ही त्याला दूध पाजते.

"अंडं घालून दूध पाजते?" काका म्हणाले.

"हो. स्तन नसतात. कातडीतून दूध पाझरतं, पिल्लू चाटतं."

पिल्लाला काटे टोचायला लागले की ती त्याला बिळात ठेवते, तोंड मातीने बुजवते आणि निघून जाते. पाच-सहा दिवसांनी येते, पोटभर पाजते, पुन्हा जाते. निदान सपाटीवरच्या तिच्या लहान भाऊबंदांचं असं पाहिलंय, आपल्या डोंगरातलीचं अजून कुणी पाहिलेलं नाही, असं रिब्का म्हणाली. आणि एक सांगितलं. ही जनावरं पन्नास वर्षंसुद्धा जगतात, पण पिल्लू क्वचित देतात.

काकांनी मनातल्या मनात हिशेब केला. जिला ते शोधत होते ती त्यांच्याहून मोठी असू शकत होती. "मला त्याचं काही वाईट वाटलं नाही तेव्हा," ते मला म्हणाले. "एवढंच वाटलं, की म्हातारी आहे तर हुशार असेल, आणखी वेळ लागेल."

ती सापडली सातव्या वर्षी, पावसाने उघडीप दिली होती तेव्हा, संध्याकाळच्या आधी. एका पडलेल्या ओंडक्यापलीकडे माती हलत होती. काका गुडघ्यांवर गेले. तिला त्यांची चाहूल लागली तशी ती पळाली नाही, जागच्या जागी खाली जायला लागली. चारी पंज्यांनी माती बाजूला सारत ती बुडाल्यासारखी आत गेली आणि वर नुसते काटे उरले. काकांनी दोन्ही बाजूंनी हात घालून खणलं. तिने मुळं धरून ठेवली होती. हात रक्ताळले, नखं उलटली, पण अखेर एक पंजा सुटला, मग दुसरा, आणि ती वर आली. मोठ्या पपईएवढी जड. तिने स्वतःला गुंडाळून घेतलं. तिचं अंग इतकं थंड होतं की त्यांना आधी वाटलं मेली.

त्यांनी तिला पोत्यात घातलं, तोंड बांधलं आणि त्याच ओंडक्यावर बसले. सात वर्षं. मी विचारलं तेव्हा काय वाटलं, तर म्हणाले, भूक लागली. भाजलेला कंद खाल्ला आणि खाताना रडू आलं.

मग पोतं हललं, ती उलटली असावी. तिला श्वास मिळावा म्हणून त्यांनी तोंड सैल केलं आणि आत पाहिलं. ती पाठीवर होती. पोटावर कातडीच्या दोन वळ्या जवळ आल्या होत्या आणि त्या वळ्यांत काहीतरी गुलाबी-करडं चिकटलेलं होतं. अंगठ्याहून थोडं मोठं. त्याच्या पाठीवर काट्यांची काळी टोकं नुकती फुटत होती, दाढी करून दोन दिवस झाल्यावर हनुवटीवर दिसते तशी. ते आईच्या पोटाचे केस दोन्ही हातांनी धरून होतं आणि नाक कातडीत खुपसून हलत होतं. पीत होतं. पोत्यात घातलंय, खांद्यावर टाकणार आहेत, याची त्याला खबरही नव्हती.

काका बराच वेळ बघत राहिले. रीत अशी होती की पयांगको आणायची आणि सगळ्यांनी मिळून खायची. जिवंत आणून दाखवून सोडावी, असं त्यांच्या मनात आलं. पण खाली गाव होतं, दीड दिवसाची उतरण होती आणि रिब्का म्हणाली होती की घाबरली तर ती पिल्लू टाकते. त्यांनी तिला ओंडक्यापाशी ठेवलं. ती उघडली, नळी वर करून हवा हुंगली, तिच्या नाकाला काकांचंच रक्त लागलेलं होतं, आणि ती हळूहळू चालत नेच्यांत गेली.

काका मोकळे हात घेऊन उतरले आणि, कुणी कल्पना केली नव्हती, सरळ आमच्या घरी आले.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते, चुलीपाशी होते. जिन्याच्या पायथ्याशी ते उभे राहिले. वर आले नाहीत. बाबा ओसरीत जाळं दुरुस्त करत होते. सात वर्षांत पहिल्यांदा काकांनी बाबांना हाक मारली.

"सद्राक, ती सापडली होती. पोटाला पोर होतं. सोडून दिली. तुला आणून देता येत नाही, पण दाखवता येईल. चल माझ्याबरोबर."

बाबांनी मान वर केली नाही. जाळ्याची गाठ मारून संपवली. "सात वर्षं मी वाट बघितली," ते म्हणाले, "आणि आता तू सांगतोस, होती पण सोडली. मला मूर्ख समजतोस? बोललास म्हणून रीतही मोडलीस."

काका गेले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आले, तेच सांगितलं, बाबांनी तेच उत्तर दिलं. गावात एव्हाना सगळ्यांना कळलं होतं आणि निम्मे लोक हसत होते. कोरनेलिस आजोबा अंथरुणाला खिळले होते, त्यांना विचारलं तर नुसते डोळे मिटायचे. तिसऱ्यांदा काका येऊन गेले तेव्हा आईने, सेल्फिनाने, वाटीत पापेडा, म्हणजे साबूच्या पिठाची चिकट खळ, घोटता घोटता बाबांना सांगितलं, "जा तुम्ही. खोटं असेल तर डोंगरावरून ओरडत खाली या, सगळं गाव तुमच्या बाजूने होईल. खरं असेल तर मला ओर्पाशी बोलता येईल. माझी मैत्रीण आहे ती. तुमच्या भांडणापायी माझी मैत्रीण गेली." बाबा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी कोयता कमरेला लावून निघाले. आईने पीठ दिलं, सुक्या माशांची पुडी दिली, आणि भांडं एकच दिलं.

पहिला दिवसभर दोघं एक शब्द बोलले नाहीत. बाबा समुद्राचा माणूस, चढणीवर त्यांचा दम निघाला. काका पुढे जायचे आणि वळणावर थांबायचे, पण त्यांच्याकडे बघायचे नाहीत. रात्री वेगवेगळ्या पानांवर खाल्लं. मधे जवळजवळ महिना गेला होता. ओंडक्यापाशी अर्थातच काही नव्हतं. काकांनी भोकं वाचायला सुरुवात केली आणि बाबा मागून चालत राहिले. तिसऱ्या दिवशी काकांनी एका मोठ्या मुळाखाली बुजवलेली माती दाखवली. आजूबाजूची माती पानांनी झाकलेली होती, ही उघडी होती आणि थोपटल्यासारखी.

काकांनी बोटांनी थोडी माती काढली, हात आत घातला आणि बाबांना म्हणाले, "घाल." बाबांनी उजवा हात काखेपर्यंत आत घातला. आत ऊब होती, आणि त्या उबेत मुठीएवढा गोळा, वर टोचणारा, खाली मऊ. त्याने बाबांच्या बोटाला नाक लावलं. बाबांनी हात बाहेर काढला आणि काकांनी माती परत लावली.

"हे पोर," बाबा म्हणाले. "आई कुठंय?"

"येईल."

मग ते दोघं पंधरा पावलांवर पानांचा आडोसा करून बसले. बसल्याचा पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसरा गेला. आग पेटवता येत नव्हती म्हणून थंड पीठ पाण्यात कालवून खायचे, आणि भांडं एकच होतं. तिसऱ्या दिवशी कधीतरी ते एकाच भांड्यातून खायला लागले. दोघांनाही ते कळलं, पण कुणी बोललं नाही.

चौथ्या दिवशी बाबांनी बोलायला सुरुवात केली. ते झाडाबद्दल बोलले. शेंडा कसा दिसत होता ते सांगितलं, आणखी चार दिवस थांबलो असतो तर भुसा झाला असता हे सांगितलं. "निम्मं पीठ तुला देणार होतो," ते म्हणाले.

काकांनी पायावरची जळू काढून टाकली. पाऊस आडोशावर वाजत होता. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "नव्हतो. तेव्हा नव्हतो देणार. नंतर म्हणायला लागलो."

"हं," काका म्हणाले. त्यांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग नव्हता, हलकं वाटलं. म्हणून त्यांनीही जे सात वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. गावात सगळे असं धरून चालायचे की त्यांनी कोयता उगारला आणि बाबांचा हात मधे आला. ओर्पाकाकूलाही तेच ठाऊक होतं.

"तुझा हात मला दिसत होता," काका म्हणाले.

बाबांनी डावा हात गुडघ्यावर ठेवला होता. त्याच्याकडे बघत राहिले. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी तुझे डोळे बघितले होते."

पाचव्या दिवशी बाबांचा धीर सुटला. पीठ संपत आलं होतं, जळवांनी पाय सुजले होते. ती मेली असेल, ते म्हणाले, कुणाच्या तरी कुत्र्यांनी धरली असेल. पोर भुकेने मरेल. खणून काढू, खाली नेऊ, निदान दाखवायला काहीतरी होईल आणि घरी माझी आई त्याला भाताची पेज तरी पाजेल. ते कोयत्याने माती उकरायला उठले सुद्धा. काका बसूनच राहिले. त्यांनी त्यांना अडवलं नाही, हात धरला नाही. एवढंच म्हणाले, "पाच-सहा दिवस म्हणाली होती ती बाई. आज पाचवा आहे." बाबा मुळापाशी मातीत कोयता टेकवून थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले.

ती सहाव्या दिवशी आली, उजेड जायला लागला तेव्हा. आधी आवाज आला, पानांवर कुणी म्हातारं माणूस पाय ओढत चालावं तसा. मग नेचे हलले. ती आडोशापासून चार हातांवरून गेली. ती थेट मुळापाशी गेली, नळीने माती हुंगली, काल बाबांनी जिथे कोयता टेकवला होता तिथे थांबली, मग पुढच्या पंज्यांनी तोंड मोकळं केलं आणि आत शिरली. आतून बारीक घुरघुर ऐकू आली. बराच वेळ येत राहिली. बाहेर आली तेव्हा जवळजवळ दिसेनासं झालं होतं. तिने पाठमोरी होऊन मागच्या उलट्या पायांनी माती लोटली, तोंड बंद केलं, आणि आली त्याच वाटेने गेली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

बाबा म्हणाले, "आता परत सहा दिवस."

"हो."

"आणि ते पोर एकटं."

"हो."

दोघं सकाळी उतरायला लागले. या वेळी काका मागे आणि बाबा पुढे, कारण उतारावर पडले तर सावरायला कुणीतरी वर हवं, असं काका म्हणाले. त्यात काही अर्थ नाही, पडलेल्याला खालून सावरतात, पण बाबांनी वाद घातला नाही.

गावात त्यांना मोकळ्या हातांनी येताना पाहून पोरांनी आरडाओरडा केला. आजोबांना बाजेसकट अंगणात आणून ठेवलं. लोक जमले. काही तरुणांनी पुरावा मागितला, फोटो तरी काढायचा, असं एकजण म्हणाला. आजोबांनी काकांकडे पाहिलंही नाही. त्यांनी बाबांना विचारलं, "तू पाहिलीस?"

"पाहिली."

"पोरासकट?"

"पोराला हात लावला. आई यायची वाट बघितली. आली."

आजोबांना दात राहिले नव्हते, सुपारी कुटून द्यावी लागायची. ती तोंडात घोळवत ते पडून राहिले. रीत पुरी झाली असं ते म्हणाले नाहीत, मोडली असंही म्हणाले नाहीत. मग बायकांच्या बाजूला मान वळवून म्हणाले, "अजून चूल पेटली नाही का?"

आई आणि ओर्पाकाकूने पापेडा एकत्र घोटला. मी त्यांना वाढताना पाहिलं. दोघी बोलत नव्हत्या, नुसत्या एकमेकींना कोपराने ढकलत होत्या.

त्यानंतर सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. गावात अजूनही काहीजण म्हणतात की जनावर आलं नाही म्हणजे भांडण मिटलं नाही. बाबा चिडले की काकांसमोर मुद्दाम डाव्या हाताने कप उचलायचे आणि तो निसटायचा. काका तो उचलून परत हातात द्यायचे. ते आणखी चार-पाच वर्षं रिब्काबरोबर वर गेले, कॅमेरे लावले, मग गुडघे गेले. ती जागा त्यांनी रिब्काला दाखवली, गावातल्या दुसऱ्या कुणाला नाही. बाबांनीही कुणाला सांगितली नाही.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. शेवटच्या काही महिन्यांत, दवाखान्याच्या त्या बाकावर, त्यांनी मला एक सांगितलं. पाचव्या दिवशी त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं होतं की ती येणार नाही. रिब्काने सांगितलेलं सपाटीवरच्या जनावराचं होतं, डोंगरातल्याचं कुणाला काय माहीत. ते बाबांना तसं बोलले नाहीत, एवढंच.

मी हे घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "तोंडावर दिसत होतं त्याच्या," ते म्हणाले.

"मग तुम्ही खणलं का नाही?"

"तो उठला असता तर खणलं असतं," ते म्हणाले. "तो उठला नाही."